यकृताच्या आजारांवर मूलपेशी उपचार: कोकणातील रुग्ण आणि नातेवाईक विचारतात ते प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून यकृताच्या आजारासाठी मुंबई, कोल्हापूर, बेळगाव किंवा गोव्याच्या बांबोळी इस्पितळापर्यंत धावपळ करणाऱ्या कुटुंबांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे प्रामुख्याने लिव्हर सिरॉसिसच्या, म्हणजे यकृतात तंतूंचे जाळे होऊन त्याची रचना बिघडलेल्या रुग्णांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

मूलपेशी उपचाराने सिरॉसिस बरा होतो का?

आजच्या घडीला, नाही. मूलपेशी म्हणजेच स्टेम सेल टोचून सिरॉसिस बरा होतो किंवा यकृताचे प्रत्यारोपण कायमचे टळते, असे सिद्ध झालेले नाही. या विषयावर जगभर गंभीर संशोधन चालू आहे, त्यातील काही निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत आणि काही निराश करणारे आहेत. मात्र संशोधन चालू असणे आणि उपचार उपलब्ध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक न कळल्यामुळे कलमांची बाग गहाण टाकण्यापर्यंत मजल जाते. म्हणूनच हे उत्तर सर्वांत आधी दिले आहे.

मूलपेशी म्हणजे नेमक्या कोणत्या पेशी?

स्वतःसारख्या नव्या पेशी तयार करण्याची आणि त्याचबरोबर वेगळ्या कामाच्या पेशींत रूपांतरित होण्याची क्षमता ज्या पेशींत असते, त्यांना मूलपेशी म्हणतात. यकृताच्या संदर्भात त्यांचे मुख्यतः तीन प्रकार ऐकू येतात. पहिला प्रकार अस्थिमज्जेतील रक्त तयार करणाऱ्या पेशींचा. दुसरा मेसेन्कायमल पेशींचा. या अस्थिमज्जा, चरबी किंवा नाळेच्या ऊतीतून मिळवून प्रयोगशाळेत वाढवतात. तिसरा प्रकार प्रेरित बहुक्षम पेशींचा. प्रौढ माणसाच्या साध्या पेशींना मूलपेशींच्या अवस्थेत परत नेण्याची ही किमया जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदरांच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या पेशींवर करून दाखवली, आणि २०१२ च्या नोबेल पुरस्काराचे ते मानकरी ठरले.

जाहिरातीत या तिन्हींना एकच नाव असते. प्रत्यक्षात त्यांचे काम, धोके आणि त्यांच्यामागचा पुरावा यांत फार अंतर आहे. त्यामुळे 'स्टेम सेल देणार' असे कोणी सांगितले, तर 'कोणत्या पेशी, कुठून घेतलेल्या, कोणत्या मार्गाने देणार' हा प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

यकृत कापले तरी पुन्हा वाढते असे ऐकतो. मग सिरॉसिसमध्ये ते का वाढत नाही?

हा प्रश्न साधा वाटला तरी सगळ्या विषयाची किल्ली त्यात आहे. निरोगी यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून जवळजवळ पूर्वीच्या आकाराचा होतो. हे काम प्रामुख्याने यकृताच्या नेहमीच्या पेशी स्वतः विभाजित होऊन करतात. त्यासाठी बाहेरून मूलपेशी आणाव्या लागत नाहीत.

सिरॉसिसमध्ये अडचण पेशींच्या संख्येपुरती नसते. दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, मधुमेह आणि स्थूलतेबरोबर येणारी यकृतातील चरबी अशा कारणांनी वर्षानुवर्षे दाह होत राहिला, की यकृतातील स्टेलेट पेशी कोलॅजेनचे धागे विणू लागतात. या तंतूंच्या पट्ट्यांमुळे यकृताची मूळ रचना मोडते, रक्ताची वाट अडते आणि आतड्यांकडून यकृताकडे येणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढतो. पोटात पाणी होणे, अन्ननलिकेतील शिरा फुगून रक्ताची उलटी होणे, रुग्ण बरळू लागणे या साऱ्यांच्या मुळाशी बिघडलेले कार्य आणि वाढलेला दाब अशी जोडगोळी असते. अशा यकृतात नव्या पेशी सोडणे म्हणजे कातळावर माती न घालता बी टाकण्यासारखे आहे: बियाणे उत्तम असले, तरी मूळ धरायला जागाच नसते.

म्हणूनच आजचे बहुतेक संशोधक मेसेन्कायमल पेशींचे 'यकृतात रूपांतर' होईल अशी अपेक्षा धरत नाहीत. या पेशींतून स्रवणारी द्रव्ये दाह कमी करतील आणि तंतू विरघळण्यास मदत करतील, अशी त्यांची अपेक्षा आहे. 'नवे लिव्हर तयार होईल' ही जाहिरातीतली भाषा या विज्ञानाशी जुळत नाही.

आतापर्यंतच्या चाचण्यांमध्ये काय आढळले?

चित्र मिश्र आहे, आणि ते तसेच सांगणे योग्य.

ब्रिटनमधील 'रिअलिस्टिक' नावाच्या चाचणीत सिरॉसिसच्या ८१ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला अस्थिमज्जेतील पेशी रक्तात आणणारे जी-सीएसएफ हे इंजेक्शन, आणि तिसऱ्याला ते इंजेक्शन देऊन शिवाय स्वतःच्याच रक्तातून वेगळ्या केलेल्या, सीडी १३३ ही खूण असलेल्या मूलपेशी, अशी विभागणी होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार यकृताच्या कार्यात नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारणा दिसली नाही. उलट ज्यांना पेशी दिल्या त्यांच्यात गंभीर दुष्परिणाम जास्त आढळले. जर्मनीत 'ग्राफ्ट' या चाचणीत अचानक खालावलेल्या १७६ रुग्णांवर जी-सीएसएफचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले आणि जगण्याचे प्रमाण वाढल्याचे त्यातही दिसले नाही. याच इंजेक्शनाचे दिल्लीतील एका लहान अभ्यासात २०१२ मध्ये चांगले परिणाम दिसले होते, हे लक्षात घेतले म्हणजे लहान अभ्यासावर विसंबून निर्णय का घेऊ नये ते कळते.

दुसऱ्या बाजूला, दक्षिण कोरियात दारूमुळे सिरॉसिस झालेल्या ७२ रुग्णांच्या चाचणीत, स्वतःच्या अस्थिमज्जेतील मेसेन्कायमल पेशी दिलेल्यांच्या यकृताच्या तुकडा तपासणीत तंतूंचे प्रमाण घटल्याचे २०१६ मध्ये नोंदवले गेले. चीनमध्ये हिपॅटायटिस बीमुळे यकृत एकाएकी निकामी होऊ लागलेल्या ११० रुग्णांच्या चाचणीत २४ आठवड्यांनंतर पेशी मिळालेल्या गटातील ७३.२ टक्के, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातील ५५.६ टक्के रुग्ण जिवंत होते. हे आकडे नजरेआड करण्यासारखे नाहीत. तरीही अशा चाचण्यांत रुग्णांचा आजार, पेशींचा स्रोत, मात्रा आणि देण्याचा मार्ग प्रत्येक ठिकाणी निराळा असतो, बऱ्याच चाचण्यांत कोणाला पेशी मिळाल्या हे डॉक्टरांना आणि रुग्णांना ठाऊक असते, आणि पाठपुरावाही थोड्या काळाचा असतो. एका देशातील एका प्रकारच्या रुग्णांना झालेला फायदा गुहागरच्या किंवा वेंगुर्ल्याच्या रुग्णाला तसाच होईल, असे त्यावरून म्हणता येत नाही.

मग बरे झालेल्या रुग्णांचे व्हिडिओ खोटे असतात का?

सगळेच खोटे असतात असे नाही, आणि ज्या माणसाला बरे वाटले त्याच्या अनुभवाचा अनादर करण्याचे कारणही नाही. सिरॉसिसची प्रकृती मात्र चढउताराची असते. दारूमुळे आजारी झालेला रुग्ण पिणे पूर्ण थांबवतो, तेव्हा काही महिन्यांत कावीळ उतरते, पोटातले पाणी कमी होते, भूक परतते. हिपॅटायटिस बीच्या गोळ्या सुरू झाल्यावरही असेच घडते. त्याच काळात पेशींचे इंजेक्शन दिलेले असेल, तर श्रेय इंजेक्शनाला जाते. पेशींच्या जोडीला अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन शिरेतून दिले असेल किंवा पोटातले पाणी काढले असेल, तरी चार दिवस हलके वाटतेच. ज्यांना गुण आला नाही त्यांचा व्हिडिओ कोणी काढत नाही. तुलना करण्यासाठी दुसरा गट का लागतो, याचे हेच कारण.

भारतात या उपचाराला परवानगी आहे का?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताचे व प्रतिकारशक्तीचे काही आजार यांसाठी केले जाणारे रक्तमूलपेशी प्रत्यारोपण, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, हा प्रमाणित उपचार आहे. यकृताचे आजार त्यात येत नाहीत. यकृतासाठी मूलपेशी द्यायच्या तर त्या मंजुरी असलेल्या वैद्यकीय चाचणीतच देता येतात, आणि प्रायोगिक पेशींचे पैसे सहभागी रुग्णाकडून घ्यायचे नसतात. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास वैद्यकीय मदत आणि भरपाई देण्याची जबाबदारीही ठरलेली आहे.

यातून एक साधी कसोटी हाती येते. पेशींसाठी पैसे मागितले जात असतील, तर ती चाचणी नव्हे.

एका केंद्राने आम्हाला पॅकेज सांगितले आहे. त्याची शहानिशा कशी करावी?

गेल्या काही काळात नातेवाइकांनी दाखवलेले असे एक अंदाजपत्रक माझ्या चांगले लक्षात आहे. गुळगुळीत कागदावर तीन 'सिटिंग'ची रक्कम छापलेली होती, आगाऊ भरायचा हप्ता ठळक होता, मुक्कामाची सोयही होती. पेशी कोणत्या, किती, कोणत्या प्रयोगशाळेतल्या, याचा मात्र उल्लेख नव्हता, आणि खाली बारीक अक्षरांत 'परिणामांची हमी नाही' असे वाक्य होते. रुग्णाचे बिलिरुबिन (काविळीचे प्रमाण) किंवा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा) किती, हेही कोणी विचारलेले नव्हते. मला सर्वांत जास्त खटकले ते हेच, कारण या आकड्यांवाचून कोणताही यकृततज्ज्ञ पुढचे पाऊल टाकत नाही.

तेव्हा तीन गोष्टी लेखी मागाव्यात: भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीतील, म्हणजे सीटीआरआयमधील क्रमांक, केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी आणि नोंदणीकृत नैतिकता समितीची मंजुरी. चाचणी सुरू होण्यापूर्वी सीटीआरआयमध्ये नोंद करणे जून २००९ पासून आवश्यक आहे, आणि ही नोंदवही संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. नुसता क्रमांक असणे पुरेसे नाही. तो उघडून आजार, रुग्णालय आणि पेशींचा प्रकार जुळतो का ते पाहावे. संमतीपत्र मराठीत मागावे, घरी आणावे, आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सही करू नये. 'आजच ठरवा' असा आग्रह होत असेल, तर तेथून उठावे.

आपल्याच शरीरातील पेशी असतील तर धोका कसला?

पेशी स्वतःच्या असल्या तरी त्या काढणे, हाताळणे आणि परत देणे या प्रत्येक टप्प्यावर धोका असतो. सिरॉसिसच्या रुग्णाचे रक्त नीट गोठत नाही, प्लेटलेट्स कमी असतात, त्यामुळे कमरेच्या हाडातून मज्जा काढताना रक्तस्राव होऊ शकतो. यकृताच्या धमनीतून पेशी देताना वापरल्या जाणाऱ्या कॉन्ट्रास्ट द्रव्याने आधीच नाजूक झालेले मूत्रपिंड बिघडू शकते. हाताळणीत जंतू शिरले तर संसर्ग थेट रक्तात जातो; अमेरिकेत २०१८ मध्ये नाळेच्या रक्तापासून बनवलेल्या दूषित उत्पादनांमुळे रुग्णांना गंभीर जिवाणूसंसर्ग झाल्याची नोंद आहे. ज्या यकृतात कर्करोगाचा संभव मुळातच वाढलेला असतो, तेथे पेशींची वाढ उत्तेजित करण्याचे दूरगामी परिणाम काय होतील, याकडेही संशोधकांना लक्ष ठेवावे लागते.

याखेरीज एक धोका कोणत्याही संमतीपत्रात लिहिलेला नसतो, तो म्हणजे वेळ आणि पैसा हातचा जाणे. प्रत्यारोपणासाठी योग्य असलेला रुग्ण सहा महिने इंजेक्शनांत घालवतो, आणि मग संसर्ग किंवा मूत्रपिंडाच्या बिघाडामुळे शस्त्रक्रियेच्या पलीकडे जातो. याचे दुःख फार मोठे असते.

नातवाच्या जन्मावेळी नाळेतील रक्त बँकेत ठेवले आहे. ते आजोबांच्या यकृतासाठी वापरता येईल का?

नाही. त्या रक्तातील मूलपेशी रक्त तयार करणाऱ्या असतात आणि त्यांचा मान्य उपयोग रक्ताच्या व प्रतिकारशक्तीच्या काही आजारांपुरता आहे. 'कुटुंबाचा विमा' म्हणून खासगी बँकेत नाळेतील रक्त ठेवण्याची शिफारस भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदही करत नाही.

पावसाळ्यात कावीळ झाली आहे. मूलपेशींचा विचार करावा का?

मुळीच नाही. आपल्याकडे पावसाळ्यातील कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई यांची असते, आणि लावणीच्या दिवसांत ताप, अंगदुखी व लाल डोळ्यांबरोबर कावीळ दिसली तर लेप्टोस्पायरोसिसचा संशय धरून त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा, कारण त्यावर प्रतिजैविके आहेत आणि उशीर जिवावर बेततो. हे आजार सिरॉसिस नव्हेत.

मग आज खरा उपचार कोणता?

कारणावरचा उपचार. हे उत्तर नव्या शोधाइतके आकर्षक वाटत नाही, पण सिरॉसिसच्या रुग्णाचे आयुष्य वाढवणारे यापेक्षा खात्रीचे साधन नाही.

हिपॅटायटिस सी असेल तर साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या शरीरातून विषाणू नाहीसा होतो. हिपॅटायटिस बीसाठी टेनोफोविर किंवा एन्टेकाविर दीर्घकाळ घ्यावे लागते आणि डॉक्टरांना न विचारता ते थांबवणे धोक्याचे असते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी व औषधे मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करण्याआधीच मुंबईचे तिकीट काढू नये. दारू कारण असेल तर ती पूर्ण थांबवणे हाच उपचार. काजूची फेणी किंवा ताडामाडाची माडी घरगुती, ताजी आणि शुद्ध असली तरी यकृतासाठी ती दारूच. मधुमेह व वजन आटोक्यात आणल्याने चरबीमुळे होणारे नुकसान थोपवता येते, आणि कारण दूर झाल्यावर काही रुग्णांत तंतूंचे जाळे हळूहळू विरळ होते, हे आता चांगले सिद्ध झालेले आहे.

त्याबरोबर गुंतागुंतींवर नजर हवी. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कर्करोग लवकर सापडावा म्हणून. एन्डोस्कोपी, फुगलेल्या शिरा दिसल्यास बँडिंग (त्या रबरी कड्याने बांधणे) किंवा दाब कमी करणाऱ्या गोळ्या देता याव्यात म्हणून. पोटात पाणी असताना ताप आला किंवा पोट दुखू लागले, तर ते पाणी त्याच दिवशी तपासले पाहिजे. अंगदुखीवर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. मूत्रपिंड आणि जठर दोन्हींना त्या घातक ठरतात.

मासे चालतात का?

चालतात, आणि ते खावेत. यकृत बिघडले की प्रथिने बंद करावीत हा समज अजून घरोघरी आहे, पण तो चुकीचा आहे. सिरॉसिसमध्ये स्नायू झपाट्याने झिजतात, म्हणून वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा सल्ला आहे. ताजा बांगडा, सौंदाळे, अंडी, डाळ, कुळथाची पिठी हे सारे उपयोगी आहे. रात्री झोपण्यापूर्वी वाटीभर पेज किंवा दुसरे काही हलके खाल्ल्याने रात्रभराचा उपास टळतो आणि स्नायूंची झीज कमी होते.

दोन गोष्टींची मात्र सक्त काळजी घ्यावी. पोटात पाणी असलेल्यांनी खारवलेला बांगडा, सुकट, सुके बोंबील, लोणचे आणि पापड बंद ठेवावेत. दिवसभराचे सगळे मिळून मीठ सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, यापुढे जाऊ नये. दुसरी गोष्ट आपल्या किनाऱ्याची खास आहे. कालवे, तिसऱ्या, मुळे असे शिंपले कच्चे किंवा अर्धेकच्चे खाऊ नयेत, आणि पायाला जखम असताना खाडीच्या वा समुद्राच्या पाण्यात उतरू नये. व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जिवाणू या दोन्ही वाटांनी शरीरात शिरतो, आणि निरोगी माणसाला तो क्वचितच गंभीर त्रास देत असला, तरी सिरॉसिसच्या रुग्णाचा जीव एकदोन दिवसांत घेऊ शकतो. खडकावर कालवे फोडून तिथेच तोंडात टाकण्याची सवय असलेल्यांना हे घरच्यांनी आवर्जून सांगावे.

मूलपेशी नकोत तर निदान गावठी औषध घ्यावे का?

नेमके काय घटक आहेत ते ठाऊक नसलेले कोणतेही औषध आधीच दुखावलेल्या यकृताला देऊ नये. 'झाडपाल्याचे आहे, अपाय नाही' हा युक्तिवाद टिकत नाही. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घेतलेल्या काही रुग्णांना यकृताचा तीव्र दाह झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहे. औषध घेतलेच असेल तर ते लपवू नये. बाटली किंवा पुडी डॉक्टरांकडे घेऊन जावी. ते रागावतील या भीतीने अनेक रुग्ण गप्प राहतात आणि निदान चुकते.

प्रत्यारोपणाचा विचार केव्हा करावा?

पोटात पाणी झाले, रक्ताची उलटी झाली, रुग्ण बरळू लागला किंवा कावीळ वाढत राहिली, यांपैकी एक जरी घडले तरी प्रत्यारोपण केंद्रातील तज्ज्ञांचे मत घ्यावे. मत घेणे म्हणजे शस्त्रक्रिया ठरवणे नव्हे. बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठण्याचा आकडा), क्रिएटिनिन आणि सोडियम यांवरून काढलेल्या मेल्ड गुणांवर निकड ठरते; सर्वसाधारणपणे हे गुण १५ च्या आसपास पोचले, की हा विषय पुढे ढकलू नये.

यकृत मेंदूमृत दात्याकडून किंवा जिवंत नातेवाइकाकडून मिळू शकते. १९९४ च्या कायद्यानुसार आणि त्यातील नंतरच्या दुरुस्तीनुसार पती-पत्नी, आईवडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे जवळचे नातेवाईक मानले जातात. दात्याचे उरलेले यकृत पुन्हा वाढते, तरी ती मोठी शस्त्रक्रिया आहे आणि दात्यावर, विशेषतः घरातल्या सुनेवर किंवा लेकीवर, दडपण येता कामा नये. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे आहेत आणि मेंदूमृत दात्याच्या यकृतासाठीची नोंदणी रुग्णालयामार्फत होते. खर्चासाठी मुख्यमंत्री सहायता निधी आणि धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा यांची चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात पहिल्याच भेटीत करावी.

पुढील काळात या संशोधनातून काही हाती लागेल का?

मला तशी आशा आहे, आणि ती पोकळ नाही. जपानमधील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रेरित पेशींपासून यकृताचे इवले अंकुर तयार करून ते उंदरात कार्यरत झाल्याचे दाखवले. जपानमध्येच २०२० मध्ये, युरिया चक्राचा, म्हणजे शरीरातील अमोनिया निकामी करणाऱ्या क्रियेचा जन्मजात दोष असलेल्या नवजात बाळाला भ्रूणमूलपेशींपासून बनवलेल्या यकृतपेशी दिल्या गेल्या, त्यामुळे प्रत्यारोपणापर्यंतचा काळ निभावला आणि पुढे त्याला वडिलांच्या यकृताचा भाग बसवण्यात आला. त्या बाळाच्या यकृतात तंतूंचे जाळे नव्हते, एका विकराची (एन्झाइमची) उणीव होती, म्हणून ते उदाहरण सिरॉसिसला जसेच्या तसे लावता येत नाही. एडिनबर्गमध्ये रुग्णाच्या रक्तातील मोनोसाइट पेशींपासून तंतू खाऊन टाकणाऱ्या मॅक्रोफेज पेशी बनवण्यावर काम चालू आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात नऊ रुग्णांना त्या सुरक्षितपणे देता आल्या. मूळ अडचण तंतूंची असल्यामुळे मला ही दिशा विशेष महत्त्वाची वाटते.

आमच्या रुग्णाला खऱ्याखुऱ्या चाचणीत भाग घ्यायचा आहे. सुरुवात कोठून करावी?

भाग घेण्याची इच्छा चांगली आहे. अशा रुग्णांशिवाय हे शास्त्र पुढे जाणार नाही. आधी आपल्या यकृततज्ज्ञांना सांगावे, कारण प्रत्यारोपणाच्या यादीवर असलेल्या किंवा नुकताच रक्तस्राव झालेल्या रुग्णाला बहुतेक चाचण्यांत घेत नाहीत. सीटीआरआयच्या संकेतस्थळावर 'लिव्हर सिरॉसिस' या नावाने शोधून चालू चाचण्यांची यादी काढावी आणि दिलेल्या संपर्कावर स्वतः विचारणा करावी, मध्यस्थामार्फत नव्हे. कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठीने ठरते, नेहमीच्या उपचारांच्या गटातही जावे लागू शकते, आणि केव्हाही बाहेर पडता येते, हे समजून घ्यावे. कोकणातून जाणाऱ्यांनी तपासणीच्या फेऱ्या किती आणि प्रवासखर्च मिळणार का, हे आधीच विचारावे. सोबत मागील सहा महिन्यांचे रक्ताचे अहवाल तारखेनुसार लावून, सोनोग्राफी व एन्डोस्कोपीचे कागद, हिपॅटायटिस बी आणि सीच्या तपासण्या, चालू गोळ्यांची पाकिटे आणि रुग्णाचे सध्याचे वजन एवढे न्यावे.